आकडा उतरेपर्यंत

तिला गल्लीत सगळे टाचणीबाई म्हणत. तोंडात चार-पाच टाचण्या धरल्याशिवाय हिला बोलताच येत नाही, असा लोकांचा समज होता, आणि तो फारसा चुकीचा नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांचे तयार कपडे मापात बसवून द्यायचे, हाच तिचा धंदा. कुणाची पॅन्ट आखूड करायची, कुणाचा कोट कमरेत आवळायचा, कुणी सुटलं की शिलाईत दाबलेला कपडा मोकळा करून जागा काढून द्यायची. "माणूस बदलतो, मग कपड्यानेच काय म्हणून मागे राहावं?" असं ती दातांच्या फटीतून म्हणायची, आणि गिऱ्हाइकाला अर्धंच ऐकू यायचं.

दिवसभर बैठं काम, हाताशी चहा आणि मशीनच्या खणात बिस्किटांचा डबा. त्यामुळे पन्नाशी ओलांडेपर्यंत ती स्वतःही ऐसपैस झाली होती. त्याचं तिला काही वाटत नसे. "माझे कपडे मला घरच्या घरी सैल करता येतात," एवढंच म्हणून ती विषय मिटवून टाकी.

तिचा नवरा म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. एक छोटी गाडी, तिच्या डोक्यावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक. वर्षानुवर्षं ते लोकांच्या शेजारी बसून आले होते. कुणी गाडी फुटपाथवर चढवो की फाटकात घालो, त्यांचा आवाज कधी चढला नाही. "काही झालं नाही. आता मागे घ्या," एवढंच. घरात मात्र बायको उकळतं पातेलं उचलायला लागली की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा पाय नकळत जमिनीवर दाबला जाई. ती हसायची. "अहो, इथे तुमचा ब्रेक लागत नाही."

तरुणपणी कधीतरी रक्तदान करायला गेले असताना मास्तरांच्या रक्तात काविळीचा विषाणू सापडला होता. त्रास काही नव्हता. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी तपासून घेत जा, म्हणून बजावलं होतं. ते काही वर्षं नेमाने गेले, मग अधूनमधून गेले, मग 'मी ठणठणीत आहे' म्हणत जायचेच बंद झाले. टाचणीबाईने मागे लागून लागून शेवटी त्यांना नेलं तेव्हा सोनोग्राफी करणारी मुलगी बराच वेळ एकाच जागी यंत्र फिरवत राहिली. लिव्हर आतून खडबडीत झालं होतं आणि उजव्या बाजूला एक गाठ होती. कर्करोगाची.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर बाई वयाने फार नव्हत्या, पण बोलणं रोखठोक होतं. गाठ लहान आहे, पण लिव्हरच खराब झालंय, त्यामुळे सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लिव्हर बदलणं, असं त्यांनी सांगितलं. मृत दात्याचं मिळेल तेव्हा मिळेल. घरातल्या कुणी आपल्या लिव्हरचा भाग दिला, तर वाट बघावी लागणार नाही.

लेक दुसऱ्या गावाहून धावत आली. तिचा रक्तगट जुळला नाही. टाचणीबाईचा जुळला. मग मायलेकी मास्तरांना न सांगता पुढच्या तपासण्यांना गेल्या. स्कॅन झालं, आणि तिथल्या डॉक्टरांनी मान हलवली. "तुमच्या लिव्हरमध्ये चरबी फार आहे. असं लिव्हर कापणं तुम्हालाही धोक्याचं आणि त्यांनाही उपयोगाचं नाही. वजन उतरवा, मग बघू."

परतताना लेक काहीबाही बोलत होती, टाचणीबाईला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. इतकी वर्षं ती ज्या गोष्टीवर हसत आली, तीच आता नवऱ्याच्या जिवावर उठली होती. घरी आल्यावर तिने बिस्किटांचा डबा कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, आणि स्टुलावरून खाली उतरल्यावर तिथेच बसून रडली.

चार दिवसांनी डॉक्टर बाईंनी तिघांनाही बोलावलं. टाचणीबाई मान खाली घालून बसली होती. आता ही बाई सगळ्यांसमोर चरबीचा विषय काढणार, अशी तिला धास्ती होती.

"पूर्वी आम्ही फक्त मोजपट्टी लावायचो," डॉक्टर बाई म्हणाल्या. मोजपट्टीचं नाव निघताच तिने मान वर केली. "गाठ ठरावीक मापाच्या आत असली की बदला लिव्हर, बाहेर असली की नाही. तुमची गाठ मापात बसते. नुसत्या मापावर गेले असते तर आज मी हो म्हटलं असतं."

"पण?" मास्तरांनी विचारलं.

"पण एकाच मापाच्या दोन गाठींचा स्वभाव एक नसतो. एखादी मोठी होऊनही जागेवर गप्प बसते. एखादी लहान असतानाच रक्तातून बाहेर पळायला बघते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून आम्ही त्यांच्या खुणा शोधतो. मार्कर म्हणतात त्यांना. काही गाठी रक्तात एक प्रथिन सोडतात. तुमच्या रक्तात ते फार जास्त आहे. इतका चढा आकडा असला की गाठीची लक्षणं बरी नाहीत असं आम्ही धरतो."

लेक पुढे सरकली. "म्हणजे ट्रान्सप्लांट नाहीच?"

"आत्ता नाही. नवीन लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. अशात एखादी चुकार पेशी कुठे लपून बसलेली असली, तर तिला मोकळं रान मिळतं. नव्या लिव्हरमध्येही गाठ येते. मग दोघांची पोटं उघडून आपण मिळवलं काय?" त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला. "सुईने काढलेल्या तुकड्यातली जनुकंही तपासली. ती मात्र अगदी वाईट नाहीत, मधली आहेत. म्हणून मी दार लावून घेत नाहीये. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून औषध थेट गाठीपर्यंत सोडायचं. मग आकडा बघायचा. तो उतरला आणि उतरलेलाच राहिला, तर ट्रान्सप्लांट. औषध दिल्यावर गाठ कशी वागते, यावरूनही तिचा स्वभाव कळतो."

"किती दिवस?"

"काही महिने." मग त्या टाचणीबाईकडे वळल्या. "तुम्हालाही तेवढा वेळ मिळतोय. तुमचं लिव्हर सुधारू शकतं. चालायला लागा."

टाचणीबाईच्या छातीवरचा धोंडा एकदम उतरला. अडलंय ते आपल्यामुळे नाही! आणि त्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. नवऱ्याचा आकडा चढा आहे हे ऐकून आपल्याला हलकं वाटावं? ती पदराशी चाळा करत राहिली.

मास्तर मात्र तिच्याकडे टक लावून बघत होते. "तुझं लिव्हर? तू कधी तपासून आलीस?"

त्या दिवशी घरात जुंपली. मास्तरांचा आवाज चढलेला लेकीने पहिल्यांदाच ऐकला.

"मी नाही घेणार. एक आजारी आहे ते पुरे नाही का? तुला काही झालं तर या पोरीने कुणाकडे बघायचं?"

"आणि तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं? मशीनकडे?"

"बघ. निदान ते उलट बोलत नाही."

"अहो, विनोद कसले करताय!"

लेक वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघं आधी ठरवा, मग मला फोन करा," आणि आपल्या गावी निघून गेली.

टाचणीबाईने मात्र कुणाच्या होकाराची वाट पाहिली नाही. घराच्या मागे एक रिकामं मैदान होतं, त्याच्या कडेने डांबरी रस्ता होता. 'दोरे आणायला जाते' म्हणून ती बाहेर पडायची आणि मैदानाला फेऱ्या मारायची. पहिल्या दिवशी अर्ध्यातच दम लागला आणि ती विजेच्या खांबाला धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या इतक्या दुखल्या की मशीनचं पायडल मारवेना. तरी ती जात राहिली. घरात नको तेवढे दोरे साठले.

इकडे मास्तर वाळत चालले होते. पहिलं औषध सोडून झाल्यावर त्यांना ताप आला, तोंडाची चव गेली. ते झोपले की टाचणीबाई कपाटातून त्यांच्या पॅन्ट बाहेर काढायची आणि कंबर आत घ्यायची. शर्टाच्या बाजूच्या शिवणी आवळायची. कपडे ढगळ झालेले दिसले की माणूस मनाने खचतो, हे तिने गिऱ्हाइकांच्या आरशात अनेकदा पाहिलं होतं.

एका सकाळी मास्तर कपडे घालून तिच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

"या पॅन्टची कंबर तू आत घेतलीस."

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. "न्हाई वा."

"हॉस्पिटलच्या काट्यावर वजन दर खेपेला कमी भरतंय, आणि ही कमरेला अजून तितकीच घट्ट बसतेय. पॅन्ट काय माझ्यासोबत उपास करते?"

तिने एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली. "तुम्हाला कळू नये म्हणून केलं."

"मला पहिल्यापासून ठाऊक आहे. मला कळलंय हे तुला कळू नये म्हणून मी गप्प होतो." मास्तर समोरच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. "आणि तू दोरे आणायला कुठे जातेस, तेही ठाऊक आहे. तुझं लिव्हर मी घेईन. पण तुला धोका आहे असं एकाही डॉक्टरने म्हटलं, तर तिथल्या तिथे थांबायचं. त्या वेळी ब्रेक माझा. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला हाताला आलं ते कुणाच्या तरी कोटाचं अस्तर.

दुसऱ्या दिवसापासून मैदानाला फेऱ्या मारताना तिच्या मागून मास्तरांची गाडी येऊ लागली. गाडी चालवायला असायच्या एक निवृत्त ग्रंथपालबाई. मास्तरांच्या सगळ्या शिष्यांत त्या सगळ्यात भित्र्या. माणसाच्या चालीपेक्षा जास्त वेगाने गाडी न्यायला त्यांनी पहिल्याच दिवशी साफ नकार दिला होता. आजवर तो मास्तरांच्या डोक्याला ताप होता. आता तीच सोय झाली. पुढे टाचणीबाई घाम पुसत, मागे गाडी रांगत, आणि खिडकीतून मास्तरांचा शांत आवाज.

"खांदे सैल सोडा. लांब बघा. जवळ बघितलं की गोंधळ होतो."

टाचणीबाईने खांदे सोडले. गाडीत ग्रंथपालबाईंनीही सोडले.

"तुम्ही नक्की कुणाला सांगताय?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"दोघींनाही," मास्तर म्हणाले.

मैदानावर चेंडू खेळणारी पोरं खेळ थांबवून ही वरात बघायची. टाचणीबाईला सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग ती पोरांना हात करू लागली.

तपासणीत आकडा निम्म्याच्या खाली आला. लेकीने फोनवर किंचाळून आनंद केला. पण पुढच्या खेपेला तो तिथेच अडकून बसला. उलट किंचित वरच सरकला होता. डॉक्टर बाईंनी कपाळाला आठ्या घालून कागद दोनदा वाचला आणि गाठीचा एक कोपरा अजून जिवंत दिसतोय, पुन्हा औषध सोडावं लागेल, असं सांगितलं.

त्या दिवशी घरी आल्यावर टाचणीबाईने स्टूल घेतलं, वरच्या फळीवरचा डबा काढला, आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सगळी बिस्किटं संपवली. मऊ पडलेली, वास लागलेली बिस्किटं. मास्तर दारात येऊन उभे राहिले, तरी ती थांबली नाही.

"काय फायदा त्या चालण्याचा?" तिचं तोंड भरलेलं होतं. "मी वाळून काडी झाले आणि तुमचा तो मेला आकडा खाली आलाच नाही, तर? मी काय करू या लिव्हरचं?"

मास्तरांनी तिला पाणी दिलं. ठसका थांबेपर्यंत पाठीवरून हात फिरवला. "मग ते तुला वापरायला राहील," ते म्हणाले. "ते काही वाया जाणार नाही."

हा माणूस मनात कुठल्या हिशेबाने शांत राहतो, हे तिला तेव्हा कळलं. आपल्यासाठी म्हणून नव्हे, बायको धडधाकट होतेय म्हणून तो रोज गाडी घेऊन तिच्या मागे निघत होता. तिने रिकामा डबा घासून पालथा घातला आणि चपला घातल्या.

दुसऱ्यांदा औषध सोडल्यावर मात्र आकडा घसरला. नंतरच्या तपासणीत आणखी खाली. डॉक्टर बाई घाई करेनात. "उतरणं वेगळं आणि टिकणं वेगळं," म्हणाल्या. अजून एक तपासणी, अजून एक स्कॅन. आकडा खालीच होता, गाठ आकसून विझल्यासारखी झाली होती. टाचणीबाईच्या लिव्हरमधली चरबीही इतकी कमी झाली होती की स्कॅन करणाऱ्याने जुनं चित्र शेजारी लावून तिला दाखवलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची बैठक झाली आणि या वेळी उत्तर 'हो' आलं.

त्याआधी एक समुपदेशक बाई टाचणीबाईशी एकटीशी बोलल्या. लहानशी खोली, दोन खुर्च्या, दार बंद.

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? इथलं बोलणं बाहेर जात नाही. नको असेल तर तसं सांगा. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की तपासणीत बसलं नाही. तुमच्यावर काही येणार नाही."

आजवर हे असं कुणी टाचणीबाईला विचारलंच नव्हतं. "भीती वाटते," ती म्हणाली. "फार वाटते. टाके माझ्या ओळखीचे आहेत, पण ते कापडावर. आणि घरी कुणाला सांगायची सोय नाही, कारण ते लगेच ब्रेक दाबतील."

"मग?"

"मग काय? तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. नाही म्हणायची मुभा होती आणि तरी मी हो म्हटलं, हे माझं मला ठाऊक राहील."

ऑपरेशनच्या सकाळी दोघांच्या स्ट्रेचरच्या गाड्या लांबलचक व्हरांड्यात शेजारी शेजारी थांबल्या. लेक मध्ये उभी होती, एक हात आईच्या हातात, एक बाबांच्या.

"गॅस बंद केलायस ना?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, दोन दिवस आपण इथेच आहोत! आत्ता आठवलं?"

"विचारलं आपलं."

मग तिची गाडी आधी हलली. मास्तरांचा पाय चादरीखाली दाबला गेलेला तिने पाहिला.

दुखणार, हे तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. एवढं दुखेल, हे मात्र शुद्धीवर आल्यावरच समजलं. लेक तोंडाशी वाकून म्हणाली, "बाबा ठीक आहेत. तुझा भाग बसवल्या बसवल्या गुलाबी झाला म्हणे." टाचणीबाईला हसायचं होतं, पण हसल्यावर टाके ओढले, म्हणून तिने नुसतीच लेकीची बोटं दाबली.

मास्तरांचं सगळं सुरळीत झालं असं नाही. पित्त गळायला लागलं, ताप आला, पुन्हा एक नळी घालावी लागली. ती घरी गेली तरी ते तिथेच होते. ती रोज हॉस्पिटलात येऊन हळूहळू चालत अतिदक्षता विभागाच्या काचेपर्यंत जाई आणि आत झोपलेल्या नवऱ्याकडे बघे. एक दिवस डॉक्टर बाई तिथेच उभ्या भेटल्या. काढलेल्या लिव्हरची तपासणी झाली होती. गाठ बहुतेक मेलेली होती आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांत तिचा मागमूस नव्हता.

"म्हणजे पुन्हा येणार नाही?"

"तसं लिहून नाही देता येत. पण शक्यता आपल्या बाजूची आहे. थांबलो ते बरं झालं."

टाचणीबाईने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि तिची नजर सवयीने त्यांच्या कोटाच्या बाहीवर गेली. "ही बाही तुम्हाला लांब होतेय," ती म्हणाली. "घरी पाठवून द्या."

आता या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलंय. मास्तर गोळ्या वेळच्या वेळी घेतात आणि पुन्हा लोकांच्या शेजारी बसतात. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला जावं लागतं. त्याच्या आदल्या आठवड्यात टाचणीबाईच्या हातून हमखास एखादी शिवण उलटी पडते.

परवाही ती दोघं गेली होती. रक्त सकाळीच देऊन झालं होतं, कागद दुपारी मिळणार होता. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहा घेऊन ती बसली होती. आदल्या रात्री तिला झोप लागली नव्हती. बोलता बोलता तिची मान मास्तरांच्या खांद्यावर कलंडली आणि ती चक्क घोरू लागली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मास्तरांनी त्यांना हाताने 'असू दे' अशी खूण केली. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. डॉक्टर बाईच होत्या. मास्तरांनी दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला, खांदा जराही हलू न देता ऐकलं, हळूच 'बरं' म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

बऱ्याच वेळाने ती दचकून जागी झाली. गालावर त्यांच्या शर्टाच्या शिवणीचा वळ उमटला होता.

"काय झालं? कागद आला का? काय म्हणाल्या त्या?"

"घरी जा म्हणाल्या."

"आणि आकडा?"

"आहे तिथेच, खाली. चहा गार झालाय तुझा. दुसरा सांगू?"

"सांगा," ती म्हणाली, आणि पुन्हा मान टेकवली.